भरकटलेल्या विज्ञान-चित्रमालिकेचे परीक्षण कसे लिहावे

साप्ताहिकात किंवा रविवारच्या पुरवणीत क्रमशः येणाऱ्या विज्ञान-चित्रमालिकेवर पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या माणसाच्या लेखणीतून बहुधा एकच वाक्य आधी उतरते : ‘मालिका सुरुवातीला चांगली होती, पण नंतर भरकटली.’ हे वाक्य खोटे असते असे नाही, परंतु ते वाचून वाचकाला काही कळत नाही आणि मालिका रचणाऱ्यांच्याही हाती काही लागत नाही. ती कुठे जायला निघाली होती, कोणत्या भागात तिने वाट सोडली आणि सोडली हे कशावरून म्हणायचे, या प्रश्नांची उत्तरे दिली की मगच त्या वाक्याचे परीक्षण होते. नाशिकमधल्या आमच्या लहानशा वाचक-गटात अशी टिपणे घेऊन येणाऱ्या नव्या मंडळींशी गेली काही वर्षे जे बोलणे होत आले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

२०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते, म्हणजे मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्या एका लेखकाकडे होते. शब्दांतल्या विज्ञानकथेला असा मान मिळालेला असताना चित्रांतल्या विज्ञानकथेकडे आपण अजूनही मुलांचा विरंगुळा म्हणून पाहतो आणि तिची गांभीर्याने चिकित्सा करत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

पुढच्या विवेचनासाठी एक काल्पनिक मालिका डोळ्यांसमोर ठेवू. समजा, एका साप्ताहिकात दर आठवड्याला अर्धे पान, सहा चौकटी, असे तिचे २४ भाग आले आहेत आणि ती अजून चालू आहे. काळ आहे इसवी सन २०८७. सलग काही वर्षे पावसाने पाठ फिरवली आहे आणि रामकुंडाजवळ गोदावरीचे पात्र कोरडे पडले आहे. नायिका जलशास्त्रज्ञ आहे आणि तिचा धाकटा भाऊ मंगळावरच्या तळावर जमिनीखालचा बर्फ काढण्याचे काम करतो आहे. पहिल्या भागाच्या शेवटच्या चौकटीत कोरड्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती दिसतो, आजी त्याच्या छातीकडे बोट दाखवते आणि नायिका विचारते, “आजी, पाणी खरंच इथवर यायचं?” खाली लिहिलेले असते : क्रमशः.

पहिली पायरी : सगळे भाग मिळवा आणि दोनदा वाचा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण क्रमशः येणाऱ्या कथेला लागू पडत नाही. एखादा भाग मुद्दाम संथ ठेवलेला असतो, एखादा केवळ पुढच्या भागाची तयारी करतो, आणि मधले दोन भाग निसटले तर कथेत नसलेली भगदाडे आपल्याला दिसू लागतात. एका मालिकेतले पात्र कोणतेही कारण न देता गायब झाले, असे मी पूर्वी एकदा ठामपणे लिहिले होते. प्रत्यक्षात त्याच्या जाण्याचा सबंध भाग दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडून हुकलेल्या अंकात होता. तेव्हापासून मी भागांचे क्रमांक मोजून घेतल्याशिवाय एक ओळही लिहीत नाही. जुने अंक घरी नसतील तर ओळखीच्यांकडे विचारावे, आणि नाशिककरांनी १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा आपल्या भागातल्या ग्रंथालयात जाऊन तो अंक पाहायला मिळेल का, याची चौकशी करावी.

पहिले वाचन शक्यतो थांबत थांबत, दिवसाला एक-दोन भाग असे करावे. आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्याला आठवण करून देण्यासाठी घातलेली पुनरुक्ती एका बैठकीत वाचणाऱ्याला पाल्हाळ वाटते, आणि तो दोष मालिकेचा नसतो. दुसरे वाचन मात्र सलग, वही-पेन हाताशी घेऊन करावे.

दुसरी पायरी : वहीतला तक्ता

वहीचे पान आडवे धरून त्यावर रकाने आखा : भागाचा क्रमांक, ठिकाण, त्या भागातली पात्रे, शेवटच्या चौकटीत काय आहे, नवा प्रश्न कोणता उभा राहिला आणि जुना प्रश्न कोणता पुढे सरकला. काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सारे परीक्षण याच पानातून निघते. शेवटचे दोन रकाने विशेष जपून भरावेत. आपल्या सरावाच्या मालिकेचा तक्ता पूर्ण झाल्यावर असे दिसते की सहाव्या भागात यंत्रमानवांचा संप सुरू होतो, नवव्यात भविष्यातून एक प्रवासी येतो, तेराव्यात भाऊ मंगळावर प्रेमात पडतो आणि सतराव्यात परग्रहवासीयांची नौका येऊन ठेपते. ‘नवा प्रश्न’ या रकान्यात ११ नोंदी जमतात, तर ‘जुना प्रश्न’ या रकान्यात अवघ्या दोन. मालिकेत लक्ष एकवटलेले नाही हे तुमचे मत आता केवळ मत राहत नाही.

नदी दिसते अशा चौकटीही मोजा. २४ भागांच्या १४४ चौकटींपैकी ३१ चौकटींत नदीचे पात्र आहे आणि त्यांतल्या २६ पहिल्या आठ भागांतच आहेत, असे निघाले, तर हा एक आकडा चार विशेषणांपेक्षा अधिक सांगतो.

नव्याने लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष जाते अशी एक जागा इथे आवर्जून सांगतो. अनेक मालिकांत भागाच्या माथ्यावर ‘मागील भागात’ असा दोन ओळींचा गोषवारा असतो. हे सगळे गोषवारे एकाखाली एक उतरवून काढा. आपली कथा कशाविषयी आहे, याबद्दल खुद्द मालिका रचणाऱ्यांची त्या त्या आठवड्यातली समजूत तिथे नोंदलेली असते. पाचव्या भागाचा गोषवारा ‘गोदावरी कोरडी पडली आहे आणि भाऊ मंगळावरून मदत पाठवण्याच्या प्रयत्नात आहे’ असे सांगत असेल आणि अठराव्या भागाच्या गोषवाऱ्यात नदीचे नावही नसेल, तर कथेचे मूळ सूत्र नेमके कधी हातातून सुटले हे शोधायला तुम्हाला फार लांब जावे लागणार नाही.

‘क्रमशः’च्या आधीची चौकटही अशीच बोलकी असते. वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवून धरण्याचे मार्ग साधारण तीन असतात : पात्राला संकटात टाकणे, एखादा प्रश्न अर्ध्यावर सोडणे किंवा कोणीतरी नवे दारात उभे करणे. तिसरा मार्ग सर्वांत सोपा असतो, कारण त्यासाठी आधीच्या कथेचा विचार करावा लागत नाही. निम्म्याहून अधिक भाग जर नव्या आगंतुकावर संपत असतील आणि पुढच्या भागाच्या पहिल्या दोन चौकटींतच त्या आगंतुकाचे महत्त्व ओसरत असेल, तर ती नोंद परीक्षणात आलीच पाहिजे.

तिसरी पायरी : मालिकेने दिलेला शब्द

पहिले तीन भाग पुन्हा वाचा आणि मालिकेने वाचकाला कोणता शब्द दिला आहे, तो एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात तो असा लिहिता येईल : ‘नदीला पुन्हा पाणी येईल का आणि त्यासाठी ही बहीण व हा भाऊ कोणती किंमत मोजतील, हे ही मालिका सांगणार आहे.’ हे वाक्य तुमच्या आवडीनिवडीतून येता कामा नये, ते चौकटींतून यावे. मला स्वतःला यंत्रमानवांच्या संपाची कथा जास्त वाचावीशी वाटेल, परंतु मालिकेने तो शब्द दिलेला नाही, म्हणून तो संप थोडक्यात आटोपला अशी तक्रार करण्याचा अधिकार मला नाही.

दिलेला शब्द पाळला जातो आहे की नाही हे मोजायला एक स्थिर खूण लागते. गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे ऐकण्याआधी विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलंय?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला असे उत्तर आले की पुराचा अंदाज शहराला येतो. कथेतही अशी एक जागा असावी लागते, जिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहून प्रकरण किती पुढे गेले हे वाचकाला समजते. सरावाच्या मालिकेने तर पहिल्याच भागात तीच मूर्ती खूण म्हणून निवडली आहे, आणि ही निवड मला फार आवडते. म्हणूनच चौथ्या भागानंतर ती मूर्ती थेट बाविसाव्या भागात, तीही नौकांच्या लढाईमागे ठिपक्याएवढी दिसते, याचे वाईट वाटते. परीक्षणात हे वाईट वाटणेही लिहावे, मात्र भागाच्या क्रमांकासह लिहावे.

चौथी पायरी : विस्तार आणि भरकटणे यांतला फरक

फाटा फुटला की दोष झाला, असे मानू नये. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, त्यात युद्धे येतात, वनवास येतो, श्रोते हसतात, रडतात, आणि शेवटी बुवा मूळ पदावर येतात. त्या पदाचा अर्थ आख्यान ऐकल्यावर अधिक खोल लागतो, म्हणून कोणी त्यांना भरकटले म्हणत नाही. प्रत्येक उपकथानकाला हाच प्रश्न विचारा : इथून परत आल्यावर मूळ प्रश्नाविषयी आपल्याला काही अधिक कळले का? यंत्रमानवांच्या संपामुळे धरणाचे दरवाजे उघडायला कोणी उरले नसेल, तर तो संप कथेचाच भाग आहे. संप मिटल्यावर त्याचा एकही परिणाम उरत नसेल, तर ते चार भाग वाया गेले असे म्हणायला हरकत नाही.

या प्रकाराचा इतिहासही थोडा माहीत असावा. अमेरिकी वृत्तपत्रांत ‘बक रॉजर्स’ ७ जानेवारी १९२९ रोजी दैनिक पट्टी म्हणून आणि ‘फ्लॅश गॉर्डन’ ७ जानेवारी १९३४ रोजी रविवारच्या पानावर सुरू झाले. भारतात १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने त्या धाटणीच्या साहसी चित्रकथा आपल्या भाषांतही आणल्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणि एका संकटातून दुसऱ्या संकटात जाणे हा त्या परंपरेचा स्वभावच आहे. ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये मोंगो ग्रहावरची कितीतरी वेगवेगळी राज्ये येतात, परंतु त्या सर्वांवर मिंग या एकाच सम्राटाची सावली असते आणि त्यामुळे वाचकाला दिशा हरवल्यासारखे वाटत नाही. तुमच्यासमोरची मालिका या भटक्या परंपरेतली आहे की एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणारी, हे आधी ठरवा. मुळातच भटकंतीची मालिका असेल आणि तिला तुम्ही एकसूत्री कथेचा निकष लावलात, तर तो अन्याय होईल.

पाचवी पायरी : विज्ञान कथेला धरून ठेवते का

कथेतले विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे, हा निकष मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला नवा नाही. क्रमशः येणाऱ्या मालिकेत त्याला आणखी एक जोड द्यावी लागते : मालिकेने स्वतः घालून घेतलेला वैज्ञानिक नियम तिने शेवटपर्यंत पाळला का?

पृथ्वी आणि मंगळ यांच्यातले अंतर सतत बदलत असल्याने रेडिओ संदेशाला एका दिशेने जायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. सरावाच्या मालिकेचा तिसरा भाग याच विलंबावर उभा आहे. नायिका भावाला विचारते, “तू परत येणार आहेस ना?” संदेश जायला १४ मिनिटे आणि उत्तर यायला १४, म्हणजे तिला २८ मिनिटे थांबायचे आहे. पुढच्या तीन चौकटींत एकही शब्द नाही. पहिल्या चौकटीत कपातल्या चहाची वाफ दिसते, दुसरीत वाफ नाही, तिसरीत चहावर साय धरली आहे आणि तिची बोटे कपाच्या कानातून बाजूला झाली आहेत. सहाव्या चौकटीत उत्तर येते, आणि ते उत्तर दुसऱ्याच कशाविषयी तरी असते. सबंध मालिकेतला हा सर्वांत उत्तम भाग आहे, कारण इथे भौतिकशास्त्राचा नियम आणि भावा-बहिणीतला दुरावा या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत.

विसाव्या भागात मात्र हीच दोघे समोरासमोर बसल्यासारखी तावातावाने भांडतात. मधल्या काळात नवे तंत्र सापडल्याचा कुठेही उल्लेख नाही. नवखा परीक्षक इथे ‘वैज्ञानिक चूक’ एवढेच लिहून पुढे जातो, पण मला वाटते की यात खरी हानी कथेची झाली आहे. विलंब गेला त्याबरोबर वाट पाहणे गेले, आणि वाट पाहणे गेल्यावर मंगळ आणि पंचवटी यांच्यातले अंतरच पुसले गेले. विज्ञानाची चूक दाखवताना तिने कथेचे काय नुकसान केले, तेही दाखवा. ज्या चुकीने कथेचे काहीच बिघडत नाही ती एका ओळीत नोंदवावी किंवा सोडून द्यावी.

सहावी पायरी : चित्रे वाचणे

चित्रमालिकेचे परीक्षण केवळ गोष्टीचे परीक्षण होऊन बसणे, हा नव्या मंडळींच्या लेखनातला सर्वांत मोठा उणेपणा आहे. एक साधी कसोटी करून पाहा. कागदाच्या पट्ट्या कापून सगळे संवादफुगे झाका आणि केवळ चित्रांवरून भाग समजतो का पाहा, मग चित्रे झाकून फक्त फुगे वाचा. फुगे पुरेसे ठरत असतील तर चित्रे नुसती सजावट झाली आहेत, आणि दोन्हींपैकी एकानेही काही कळत नसेल तर गोंधळ पानाच्या मांडणीतच आहे.

लक्ष विखुरलेले असण्याचा दोष रेषेतही असतो. तिसऱ्या भागात टेबल, कप आणि चेहरा एवढेच आहे, त्यामुळे डोळा कुठे थांबायचा ते जाणतो. सतराव्या भागात सहाही चौकटी एकाच आकाराच्या आहेत, प्रत्येकीत नौका, तारे, यंत्रांचे पट, स्फोट आणि पाच-सहा माणसे खच्चून भरली आहेत, चेहरे नखाएवढे झाले आहेत आणि कोणता फुगा आधी वाचायचा हे ठरवण्यातच वाचक अडखळतो. एक ना धड भाराभर चिंध्या असे ज्या पानाचे झाले आहे, त्या पानाबद्दल लिहिताना चित्रकाराच्या मेहनतीची नोंद जरूर घ्यावी, कारण इतके बारीक काम करायला रात्री जागवाव्या लागतात. परंतु सहापैकी कोणती चौकट मोठी असायला हवी होती आणि का, हेही स्पष्ट सांगावे. लेखक आणि चित्रकार वेगवेगळे असतील तर कोणता दोष कोणाच्या पदरी जातो, हे तपासून लिहावे.

मालिका का भरकटली याची कारणे मात्र कल्पनेने लिहू नयेत. संपादकाने जागा कमी केली असेल, लेखकाला कंटाळा आला असेल, असले तर्क परीक्षणात शोभत नाहीत. पानावर छापलेले नाव बदलले असेल, तर तेवढी वस्तुस्थिती नोंदवावी आणि थांबावे.

सातवी पायरी : लिहायला बसणे

पहिल्या परिच्छेदात मालिकेचे स्वरूप, ती कुठे येते, किती भाग वाचून तुम्ही लिहीत आहात आणि तिने दिलेला शब्द, एवढे आले की पुरे. नमनाला घडाभर तेल घालू नये, आणि कथानक सांगण्यात निम्मा लेख तर मुळीच घालवू नये. त्यानंतर मालिकेतला सर्वांत चांगला भाग घ्यावा आणि तो चांगला का आहे ते सविस्तर सांगावे. हा क्रम मी शिष्टाचारापोटी सुचवत नाही. ही मंडळी काय करू शकतात हे वाचकाने एकदा पाहिले की पुढे काय निसटले ते त्याला आपोआप दिसते, आणि तुमचा आक्षेप बाहेरून आणलेल्या निकषावर न राहता मालिकेच्याच उंचीवर मोजला जातो.

आक्षेप कसा लिहावा, याचे एक उदाहरण पाहू. गटातल्या नव्या लिहिणाऱ्यांच्या पहिल्या मसुद्यात साधारण अशी वाक्ये असतात : ‘मालिकेत खूप गोष्टी एकत्र केल्यामुळे ती कंटाळवाणी झाली आहे. लेखकाने लक्ष केंद्रित करायला हवे.’ हाच आक्षेप असाही लिहिता येतो : ‘पहिल्या भागात आजीने मारुतीच्या छातीकडे दाखवलेले बोट वाचकाला आठ आठवडे नदीशी बांधून ठेवते. नवव्या भागात भविष्यातला प्रवासी येतो आणि नदीला पाणी येणार आहे हे सांगून टाकतो. त्या क्षणी मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि पुढच्या पंधरा भागांत त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा राहत नाही, केवळ घटना येत राहतात.’ दुसऱ्या लेखनात ‘कंटाळवाणी’ हा शब्द नाही, आणि तरीही वाचक मान डोलावतो. लेखक-चित्रकारांनी ते वाचले तर नववा भाग पुन्हा उघडून पाहावा, असे त्यांनाही वाटेल.

प्रत्येक आक्षेपाला भागाचा क्रमांक आणि शक्य तिथे चौकटीचा क्रमांक द्यावा. तीन ठोस आक्षेप पुरेत. तक्त्यात दहा सापडले असले, तरी त्यांतले जे मूळ सूत्राशी निगडित असतील तेवढेच ठेवावेत, नाहीतर लक्ष विखुरल्याचा दोष आपल्याच लेखात शिरतो. रहस्य फोडणारा तपशील द्यावा लागणार असेल, तर त्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच तशी सूचना द्यावी. मसुदा झाला की तो मालिका न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ती जिथे ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ असे विचारील तिथे पुन्हा लिहावे.

मालिका अजून चालू असेल तर निकाल देण्याची घाई करू नये. लेखाच्या शेवटी ‘हे परीक्षण २४ व्या भागापर्यंतचे आहे’ असे लिहून तारीख घालावी, आणि कोणते धागे अजून जुळू शकतात ते सांगावे. सरावाच्या मालिकेत भावाने तिसऱ्या भागात टाळलेले उत्तर अजून बाकी आहे, आजीचे बोट अजून त्याच जागी रोखलेले आहे. वहीतला तक्ता फाडून टाकू नये. त्यात पंचविसाव्या भागासाठी एक ओळ मोकळी ठेवावी आणि पुढचा अंक आला की ती भरावी.